रविवारचा फुलबॅक

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे बाकीचं सांगायला मी मोकळा होईन. लंडनमधल्या आमच्या हॉकी क्लबच्या मानफलकावर बॅक म्हणून कुणाचं नाव लिहायचं, हे ठरवण्यासाठी मी एक तक्ता केला होता. त्यातला प्रत्येक आकडा खरा होता. मी विमा कंपनीत आकडेमोडीचंच काम करत आलो आहे, बेरीज चुकायचा प्रश्नच नव्हता. पण त्या तक्त्यामुळे ज्या माणसाचं नाव फळ्यावर सगळ्यांत आधी जायला हवं होतं तो अपात्र ठरला, आणि त्याच्या जागी जे नाव आलं ते माझं होतं. हे आपल्या हातून नकळत झालं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते निम्मंच खरं होतं.

त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. माझ्यासारखा पुण्याचा कारकून म्हणायचा तसा आमचा पंजाबी गोलकीपरही म्हणायचा. समोरच्या इंग्रज खेळाडूंना ते त्यांचं आडनाव वाटे. सामना संपला की ते 'वेल प्लेड, मिस्टर दादा' म्हणत, आणि दादा गंभीर चेहऱ्याने मान लववत. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे, खांदे रुंद, पाय किंचित फेंगडे. मूळचे अलिबागजवळच्या एका खेड्यातले, वाढले भायखळ्याला. बेने इस्रायल, म्हणजे धर्माने ज्यू, पण बोलणं अस्सल कोकणी वळणाचं. वेम्बलीच्या बाजूला एका हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये ते सुतार होते. कपाटांची दारं, कुबड्या, पलंगांचे पाय हे त्यांचं काम, आणि जेवणाच्या सुट्टीत आमच्या मोडक्या स्टिक्स. दुरुस्त केलेली स्टिक परत देताना ते ती नाकाशी धरून हुंगायचे आणि म्हणायचे, "घे. आता हिच्याशी भांडू नको."

क्लब निघाला साठच्या दशकाच्या सुरुवातीला. चार-दोन मराठी डॉक्टर, माझ्यासारखे ऑफिसात चिकटलेले, बस कंडक्टर, दोघे गोवेकर. कौन्सिलने एका शाळेमागचं मैदान दिलं होतं, आणि कपडे बदलायला सायकलींची शेड. मी सेक्रेटरी. दुसऱ्या क्लबांना पत्रं घालून सामने ठरवायचे आणि नोंदवहीत निकाल लिहायचा, हे माझ्याकडे होतं. इंग्लंडात त्या वेळी क्लबांच्या हॉकीला लीग वगैरे नव्हती. पत्र घालायचं, तारीख जमवायची, खेळायचं, आणि नंतर पाहुण्यांना चहा-सँडविच द्यायचं.

शनिवारी दादा खेळत नसत. त्यांच्या धर्मात तो विश्रांतीचा दिवस. "आम्ही शनवार तेली," ते सांगायचे. कोकणात त्यांच्या लोकांचा धंदा तेल गाळण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने ठेवलेलं नाव. "बापजाद्यांनी शनिवारी बैलाला कधी जुंपलं नाही. मी स्टिक उचलली तर वर गेल्यावर बैलच मला जाब विचारतील."

पण मैदानावर ते यायचेच. त्या दिवशी बसमध्ये बसायचं नाही, म्हणून तासभर चालत यायचे. धुकं असो, पाऊस असो, ओव्हरकोट आणि हॅट घालून, हात खिशात खुपसून गोलमागे उभे राहायचे. शनिवारी त्यांच्या जागी बॅकला मी खेळायचो, त्यामुळे त्यांचं सगळं भाष्य माझ्या पाठीवर पडायचं. मी जीव तोडून मागे धावलो की आवाज यायचा, "काय रे सेक्रेटरी, घरी दूध उतू जातंय काय?" त्यांचं ठाम मत होतं की बॅकने पळू नये. "पळतो तो उशिरा निघालेला माणूस," ते म्हणायचे. दुसरे हसत, मीही हसायचो. पण दहा-बारा वर्षं दर शनिवारी पाठीवर हे ऐकणारा माणूस आतून काय होत जातो, ते त्यालाच ठाऊक असतं.

रविवारी ते खेळायचे आणि मी शिट्टी घेऊन अंपायर व्हायचो. तेव्हा प्रत्येक क्लबने एक अंपायर द्यायचा असे. सामन्याआधी अर्धा तास दादा बूट काढून नुसत्या मोज्यांवर आमच्या गोलसमोरच्या अर्धगोलात, डीमध्ये, हिंडायचे. नोव्हेंबरातली ती थंडगार, ओलीगिच्च हिरवळ. आम्ही शेडमधून बघत कुडकुडायचो आणि हे विहिरीचं पाणी शोधणाऱ्यासारखे एकेक पाऊल दाबत जायचे. कुठे जमीन पोकळ आहे, कुठे चिखल वर आलाय, ते मोज्यांना कळतं म्हणायचे. मग सामन्यात समोरच्या फॉरवर्डला ते हळूहळू, एखाद्या पाहुण्याला खोली दाखवावी तसे, बरोबर त्या चिखलाकडे नेत. बॉल तिथे रुतला की नुसता काढून घेत. वर त्या गोऱ्या पोराशी चक्क मराठीत बोलत: "या जावईबापू, इकडून या. जपून हं, ओलं आहे." पोरगा गोंधळून सॉरी म्हणायचा.

मधली रेघ त्यांनी ओलांडलेली मी कधी पाहिली नाही. आम्ही गोल केला की सगळे पुढे धावत जाऊन एकमेकांना थोपटायचे. दादा रेघेपर्यंत येऊन थांबत आणि तिथूनच टाळ्या वाजवत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पलीकडे माझं कुणी नाही."

एकदा आम्ही साउथहॅम्प्टनला खेळायला गेलो होतो. समोरची टीम गोदीतल्या माणसांची, आमच्यापेक्षा कितीतरी वरच्या दर्जाची. सेंटर फॉरवर्ड उंच, घोड्यासारखा. दादांचं वय तेव्हा पन्नाशीला टेकत आलं होतं. पूर्ण सामनाभर त्यांनी त्या माणसाला एकदाही पळत गाठलं नाही, पण तो जिथे पोचायचा तिथे हे आधीच उभे असायचे. एकदा मात्र आमच्या डीमध्ये बॉल दादांच्या बुटाला हलकासा लागला, म्हणजे फाउल. मी अंपायर, चार पावलांवर, पण मधे दोघे आल्यामुळे मला दिसलं नव्हतं. दादांनी स्टिक खाली ठेवली, हात वर केला आणि मला म्हणाले, "वाजव. पायाला लागला." मी शिट्टी वाजवली. त्या पेनल्टी कॉर्नरवर गोल झाला. आम्ही तीन गोलांनी हरलो.

संपल्यावर त्यांचा कॅप्टन आमच्या कॅप्टनकडे जायच्या आधी दादांकडे गेला आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून उभा राहिला. जाताना मला म्हणाला, हा म्हातारा नसता तर आम्ही तुम्हाला दहा गोल मारले असते. मी हसलो. रात्री नोंदवहीत लिहिलं: दादा खेळले, आपल्यावर गोल तीन.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर क्लबला सायकल शेडच्या जागी स्वतःचं छोटं पॅव्हिलियन मिळालं. आमचे चेअरमन नागपूरकडचे सर्जन. त्यांनी सुचवलं की आत एक लाकडी मानफलक लावू या. गोलकीपर, बॅक, हाफ आणि फॉरवर्ड, प्रत्येकाचं एकच नाव, क्लबच्या आजवरच्या काळातला सर्वांत मोठा. तेवढी चार नावं, सोनेरी अक्षरांत. शनिवारी-रविवारी घाम गाळून घरी जाणाऱ्या माणसांना एवढीशी गोष्ट किती मोठी वाटावी! फळ्याला लाकूड कुठलं घ्यावं हे दादांनी स्वतः सांगितलं. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, माझ्या बायकोपाशी सहज म्हटलं होतं की हे हल्ली झोपायच्या आधी त्या फळ्याबद्दलच बोलतात. मला ते कळलं होतं.

मीटिंग चेअरमनच्या स्टॅनमोरच्या घरी झाली. फॉरवर्ड सोपा होता, गोल मोजले. बॅकपाशी आल्यावर चेअरमन चष्मा पुसत म्हणाले, "बॅकचं काय मोजायचं? जे झालंच नाही ते कसं मोजणार?"

मी म्हणालो, "मी मोजून आणतो."

पुढच्या मीटिंगला मी तक्ता घेऊन गेलो. एका बाजूला दादा खेळले ते सामने, दुसऱ्या बाजूला ते नसलेले, आणि प्रत्येक बाजूला आपल्यावर सरासरी किती गोल झाले. दादा असताना आपल्यावर जवळजवळ दुप्पट गोल झाले होते. गोलकीपर सरदारजी भडकला. दादा पुढे असले की बॉल माझ्यापर्यंत येतो तो दमून येतो, असं तो म्हणाला. हा कागद कधी गोलमध्ये उभा राहिला आहे का, असंही त्याने विचारलं. पण कागदाला उत्तर द्यायला त्याच्याकडे दुसरा कागद नव्हता. चेअरमन म्हणाले, दादा सगळ्यांचे लाडके आहेत, पण मन वेगळं आणि पुरावा वेगळा. मग त्यांनीच बोट फिरवत पाहिलं की दादा नसताना बॅकला बहुतेक वेळा कोण होतं. माझं नाव त्यांनी सुचवलं. मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही.

दादांना मीच सांगितलं. मला वाटलं, प्रामाणिकपणा म्हणजे तक्ता दाखवणं. वर्कशॉपमध्ये गेलो, ते कुबडीला रबरी टोपी बसवत होते. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, कागद खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिला. मी शेजारी उभं राहून सरासरी म्हणजे काय ते समजावत होतो. इतक्या वर्षांत मला अरे-तुरे करणारे दादा कागद घडी करून परत देत म्हणाले, "अक्षर छान आहे तुमचं."

त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. रविवारी पाठदुखीचं कारण कळवलं, ते खरंही असेल. पण शनिवारीही गोलमागे कुणी नव्हतं. मी मागे धावलो, चुकलो, सापडलो, कुणी काही म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला निवांतपणे बॅक खेळता आलं आणि मला ते सोसेना.

उन्हाळा संपत आला तसं मी सेक्रेटरीपद सोडायचं ठरवलं. मिरजेहून शिकून आलेला एक तरुण डॉक्टर ते घेणार होता. एका संध्याकाळी माझ्या घरी बसून तो माझ्या पत्रांच्या प्रती चाळत होता. कुठल्या क्लबला कधी बोलावतो, काय लिहितो, ते टिपून घेत होता. हुशार पोरगा.

त्याने विचारलं, "सर, सगळ्या स्ट्राँग टीम्स तुम्ही संडेलाच का बोलावता? मला तर उलट वाटलं असतं. सॅटर्डेला आपली माणसं जास्त येतात."

मी चहा ओतत होतो. मागे न बघता सहज म्हणालो, "अरे, रविवारी दादा असतात ना."

आणि मग मला मीच ऐकू आलो.

पत्रं माझ्याच हातची होती. अमक्या बलाढ्य क्लबला: शनिवारी आमचा मुख्य बॅक नसतो, कृपया रविवारी या. तमक्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना, जे आमच्यासमोर कच्चे होते: शनिवारी दुपारी या. बारा वर्षं मी हेच करत होतो. जिथे मार पडणार तिथे दादांना उभं केलं, जिथे काही होणार नव्हतं तिथे मी उभा राहिलो, आणि शेवटी दोघांवरचे गोल मोजून सांगितलं की हा माणूस चांगला नाही. विमा कंपनीत एखाद्या शिकाऊ पोराने असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर उभं केलं असतं.

डॉक्टर गेल्यावर मी नोंदवही घेऊन बसलो. फक्त रविवार पाहिले. त्यात दादा नसलेले रविवार मोजकेच: ते भावाला भेटायला इस्रायलला गेले होते तेव्हाचे, मुलीच्या लग्नाच्या वेळचे. त्या रविवारी आमच्यावर दादा असतानापेक्षा कितीतरी जास्त गोल झाले होते, ते वाचताना मला लाज वाटली. बॅकला तेव्हा मीच होतो.

सकाळी चेअरमनना फोन केला. फळा रंगवायला गेला का, एवढंच आधी विचारलं. लाकूड तयार होतं, अक्षरं पुढच्या आठवड्यात काढायची होती. मी फोन ठेवला आणि जिन्याच्या पायरीवर बसलो. बायको घाबरून विचारायला आली, कुणाचं काय झालं. मी म्हणालो, काही नाही, अजून झालेलं नाही. इतकं हलकं मला कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं.

कमिटीसमोर मी दोन्ही तक्ते ठेवले. हिशेबाची पद्धत चुकली, असं सांगितलं. सरदारजीने माझ्यासमोर समोशांची प्लेट सरकवली. चेअरमन म्हणाले की सर्जनची चूक लगेच दिसते, तुम्हा आकडेवाल्यांचं बरं आहे. पण त्यांनी लगेच माझं नाव खोडून दादांचं लिहिलं. पॅव्हिलियनचं उद्घाटन शनिवारी ठरलं होतं, ते रविवारी केलं. दादा ओव्हरकोट घालून आले, फळ्याजवळ गेले आणि नाव वाचायच्या आधी लाकडाच्या जोडावरून अंगठा फिरवून बघितला. "सांधा बरा बसलाय," म्हणाले. नंतर ते बराच वेळ तिथेच उभे होते. वहिनींनी सगळ्यांसाठी घरून मलिदा करून आणला होता. पोहे, ओलं खोबरं, वेलची. काही शुभ झालं की त्यांच्यात तो करतात.

पण उद्घाटनाआधीची एक गोष्ट राहिली. कमिटीला मी जे सांगितलं तेही सगळं नव्हतं, म्हणून मी एका रविवारी सकाळी दादांच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि मला मागच्या अंगणात पाठवलं. दादा एका खुर्चीचा पाय घासत होते. नाव लागणार असल्याचं त्यांना चेअरमनकडून कळलं होतं.

मी खिशातून नवा तक्ता काढला आणि समजावायला लागलो. शनिवार वेगळे, रविवार वेगळे, सरासरी अशी, तुलना तशी. त्यांनी पॉलिश पेपर खाली ठेवला.

"कागद राहू दे. तू कशाला आलास ते बोल."

मी कागद खिशात घातला.

"दादा, मी पहिला तक्ता केला ना, तेव्हा त्यात वाराचा एक रकाना आखला होता. शनिवार की रविवार, ते लिहायला. दोन-तीन ओळी भरल्यावर मला दिसायला लागलं की काय निघणार आहे. मग मी तो रकाना खोडरबराने पुसला. कागदावर जागा पुरत नाही असं मी स्वतःला सांगितलं. कागद आडवा धरला असता तर पुरली असती. हे मी कमिटीला सांगितलं नाही, बायकोलाही सांगितलं नाही. मला तुमची जागा हवी होती, दादा. माझी चूक हिशेबाची नव्हती. मी तुमच्याशी वाईट वागलो. मला क्षमा करा."